खुंट्यांचं रान

परवापरवापर्यंत आमच्या रानात खुंट्या फार. पहिल्यांदा येणाऱ्याला वाटतं, इथे कुणीतरी काहीतरी पेरलंय. गुडघ्याइतक्या उंच लाकडी खुंट्या, डोक्यावर पत्र्याची गोल चकती खिळ्याने ठोकलेली आणि चकतीवर आकडा. म्हाताऱ्या झाडांच्या मधून जिकडे पाहाल तिकडे त्याच. आलेला माणूस वाकून खुंटीच्या बुडाशी बघतो, तर तिथे नुसती माती. पुढच्या खुंटीशी जातो, तिथेही माती. अशा चार-सहा खुंट्या झाल्या की तो ताठ होतो, इकडेतिकडे बघतो आणि आवाज खाली आणून विचारतो, "इथे काय पुरलंय हो?"

पुरलेलं काही नाही. प्रत्येक खुंटीशेजारी एक रोप होतं, ते आता नाही, एवढंच. पण हे 'एवढंच' म्हणताना माझी जीभ अडखळते, कारण यातल्या बहुतेक खुंट्या माझ्या भावाने ठोकल्यात आणि तोही आता नाही.

आधी काम काय ते सांगते, म्हणजे पुढचं कळेल. हे रान कुणी लावलेलं नाही. इथलीच झाडं, आपली आपण आलेली, पणजोबांच्याही आधीपासूनची. त्यांचं बी पडतं, रुजतं, दोन पानं वर काढतं. त्यातलं किती जगतं हे बघणं आमच्या कार्यालयाचं काम. रानात दोरी लावून पट्टे आखलेले आहेत. पट्ट्यात नवं रोप दिसलं की त्याला खेटून खुंटी ठोकायची, आकडा लिहून घ्यायचा आणि पुढच्या फेरीला त्याच खुंटीपाशी येऊन बघायचं, आहे की गेलं. पट्ट्याबाहेर बघायचं नाही. माणूस आवडेल तिकडे बघत सुटला की मोजणी खोटी होते, असं साहेबांचं म्हणणं, आणि ते काही चूक नाही. दादाने हे काम वर्षानुवर्षं केलं. उत्तर दरवेळी एकच आलं. गेलं.

"रान म्हातारं झालंय," साहेब म्हणायचे. "याला आता पोरं होत नाहीत."

साहेब तसे वाईट नाहीत, पण हे वाक्य ऐकलं की माझ्या तळपायाची आग मस्तकात जायची. कारणं म्हणाल तर पैशाला पासरी. हरणं माजलीत, कोवळं काही ठेवत नाहीत. खाली गवत इतकं दाट की बी मातीला टेकतच नाही. वर जुन्या झाडांची सावली. या मोसमातही गुडघ्यावर गेलेलं एकही रोप मोजणीत आलं नाही, तर म्हातारी झाडं उतरवायची आणि बाहेरून आणलेली, सरळसोट, झटपट वाढणारी झाडं रांगेत लावायची, असं ठरून गेलं होतं. फक्त मोजणी व्हायची बाकी होती, आणि ती मी करायची होती. दादानंतर पट्ट्यांच्या वाटा माझ्याशिवाय कुणाला ठाऊक नव्हत्या. शाळेत होते तेव्हापासून खुंट्यांची पिशवी खांद्याला लावून मी त्याच्यामागे हिंडलेली.

दादा तापाने गेला. ताप छातीत उतरला, डॉक्टरांनी त्याचं काहीतरी नाव सांगितलं. पण त्याच्या आधीपासूनच तो थोडा थोडा कमी होत चालला होता. सुरुवातीला गमतीने म्हणायचा, "माझा हातच वाईट आहे." आम्हीही हसायचो. रानात मोजायची फीत धरायला त्याच्याबरोबर एक जुने कामगार असायचे, आम्ही त्यांना फीतकाका म्हणतो. ते म्हणायचे, "तू नुसता बघ रे, खुंटी मी ठोकतो." मग काकांनी ठोकलेल्या खुंटीचंही रोप जायचं आणि काका म्हणायचे, "बघितलंस तूच ना." पुढे पुढे दादाचं हसू मावळलं. "मी बोट ठेवतो ते मरतं," हे तो चहात साखर किती हे सांगावं तसं सांगायला लागला.

मग माझी मुलगी झाली. दवाखान्यात तिला घ्यायला ही झुंबड. सगळ्यांच्या हातून फिरून झाली आणि दादा मात्र दारातच, कोटाच्या दोन्ही खिशांत हात घालून उभा. "मी बघतो इथूनच," म्हणाला. इथूनच म्हणजे शेवटपर्यंत इथूनच. पोरगी चालायला लागली, मामा मामा करत हात वर करून त्याच्याकडे धावायची आणि हा उंचापुरा माणूस खुर्चीच्या मागे सरकायचा. खेळणी आणायचा, पण टेबलावर ठेवून बाजूला व्हायचा. तिचं 'मुंगी' हे नावही त्यानेच ठेवलेलं. नाव ठेवायला हात लागत नाहीत ना.

एकदा माझा तोल सुटला. "माझ्या पोरीला काय रोग झालाय का?" मी विचारलं.

"तू मला हवं ते बोल," तो म्हणाला. "मी मोजलेलं एक तरी जगलंय का, सांग. एक सांग, आत्ता उचलून घेतो तिला."

मी रागाने भांडी घासायला गेले. तो मात्र मुंगी झोपेपर्यंत दारात उभं राहून तिच्याकडे बघत होता.

आता आईचं सांगायला हवं. दादाच्या नोकरीच्या सुरुवातीला खुंट्या वाळवीने खाल्ल्या. पार भुगा. कुठलं रोप कुठे होतं, कोण सांगणार? सगळी मोजणी वाया गेली. साहेबांनी त्याला उभंआडवं झापलं, पट्टे दुसरीकडे नव्याने आखायला लावले. दादा घरी येऊन जेवला नाही. तेव्हा आईने पदर खोचावा तशी बाह्या सरसावून खुंट्यांचं काम स्वतःकडे घेतलं. मागच्या दाराशी मोठं टीप, म्हणजे पत्र्याचं पिंप, मांडलं, मिठाचं पोतं आणलं आणि खुंट्या मिठाच्या पाण्यात मुरवायला घातल्या. आठवडाभर मुरवायच्या, भिंतीला टेकवून वाळवायच्या, पुन्हा मुरवायच्या. त्या टिपामुळे आम्हाला मागच्या दाराने कधी सरळ जाता आलं नाही, तिरकंच जावं लागायचं. पण वाळवीने पुन्हा तोंड लावलं नाही. "माझी खुंटी आणि मी, दोघींना किडा लागत नाही," असं ती शेजारणींना सांगायची. दादा गेल्यावर आम्हाला वाटलं, आता टीप उचलेल. तिने उचललं नाही. मी त्याची जागा घेतली आणि ती माझ्यासाठी खुंट्या मुरवू लागली. मुरवताना ती खुंट्यांशी काहीतरी पुटपुटायची. मी ऐकायला थांबत नसे.

माझा नवरा दूर नोकरीला, महिन्या-दोन महिन्यांनी येणारा. त्यामुळे घरात आम्ही तिघी, दोन खोल्या, एक स्वयंपाकघर आणि ते टीप.

या मोसमात बी जोरात रुजलं होतं. पहिल्या फेरीला पट्ट्यात पाऊल ठेवायला जागा नव्हती. मी खुंट्या ठोकत गेले आणि मनात म्हणत गेले, दादा, बघ. पुढच्या फेरीला आले तर खुंट्या उभ्या आणि रोपं गायब. देठ अर्ध्यातून तुटलेला, कुठे तोही नाही. आणि खुंट्या ओल्या.

सकाळ कोरडी होती. एरवी ओल्या खुंट्या दिसल्या की आम्ही दव समजायचो, पण आज पाऊस नाही, गवतावर दवही नव्हतं. तरी खुंट्या वरपासून मातीपर्यंत ओल्या. काही वाकड्या झालेल्या, कुणीतरी धरून हलवाव्यात तशा. चकत्यांवर कोरलेल्या आकड्यांत पाणी साचलं होतं. मी एका खुंटीला हात लावला आणि झटकन मागे घेतला. ओल गार नव्हती.

फीतकाका माझ्यामागे उभे होते. "तो येतो गं," ते म्हणाले. "दोन वर्षं झाली, तुझा दादा गेल्यापासून बघतोय, मी कुणाला बोललो नाही. आपल्या खुंट्या चाचपून जातो तो."

"काका, तोंडाला येईल ते बोलू नका," मी म्हटलं. पण ओला हात मी पुन्हा पुन्हा पुसत होते. त्यानंतर रानात मागून खुट्ट झालं की मी वळून बघायची. खुंटी ठोकताना दादाचा दगडाने ठोकायचा एक ठेका होता, दोन हलके आणि एक जोरात. मीही तशीच ठोकते हे माझ्या तेव्हा लक्षात आलं. मी ठेका बदलून पाहिला, जमला नाही. हात आपोआप तिकडेच जायचा.

एक दिवस मला पट्टा सोडून आडोशाला जावं लागलं. कशासाठी ते सांगायला नको, रानात दिवसभर काम करणाऱ्या बाईला विचारा. दोरी ओलांडून मी बरीच आत गेले, झुडपामागे बसले आणि समोर बघते तर एक पोरगेलं झाड माझ्याकडे बघत उभं. माझ्या छातीइतकं. पानं तीच, खोडाची चाल तीच, आमच्याच म्हाताऱ्यांच्या वंशाचं. त्याच्यामागे आणखी एक, कमरेला लागणारं. पलीकडे गुडघ्याचं. मी कपडे सावरत उठले आणि वेड्यासारखी फिरत राहिले. जिकडे आमचे पट्टे नव्हते, जिकडे खुंटी नव्हती, तिकडे लहानमोठी झाडं होती. खूप नव्हती, हरणांनी तिथेही तोंड मारलं होतं, पण होती. रानाला पोरं होत होती.

मला आनंदाने नाचायला हवं होतं. उलट मी घाईने दोरीकडे परत फिरले. कारण याचा अर्थ एकच दिसत होता. आम्ही मोजतो तिथेच मरण होतं. दादा बरोबर बोलत होता आणि त्याच्या जागेबरोबर त्याचा हातही मला मिळाला होता.

मी कुणाला बोलले नाही. पट्ट्याबाहेरची झाडं साहेबांना दाखवून उपयोग नव्हता, ती मोजणीत धरत नाहीत. आणि मोजायला घेतली असती, तर तीही गेली असती. त्या झाडांकडे मी परत फिरकलेच नाही. नुसतं बघूनही काही होईल अशी धास्ती बसली होती.

आणि मग मुंगीला ताप आला. साधाच असणार, थंडीचा. आईने तिला पांघरुणात गुंडाळलं, पाणी आणायला उठली आणि मला म्हणाली, "जरा हात लावून बघ गं, उतरलाय का."

मी मुंगीच्या बाजूला बसले होते. तिचे केस कपाळाला चिकटले होते. मी हात पुढे केला आणि तो तिथेच, तिच्या कपाळाच्या वर, अधांतरी राहिला. खाली जाईना. मी सगळा जोर लावला, नाही गेला.

"तूच बघ," मी म्हटलं आणि हात खिशात घातला.

आई पाण्याचं भांडं घेऊन दारात थांबली. तिने माझ्या खिशाकडे बघितलं. मग आत आली, मुंगीच्या कपाळाला हात लावला आणि माझ्याकडे पाठ करून बसली. तिची पाठ हलत होती. त्या घरात पूर्वी एक माणूस असाच खिशात हात घालून उभा राहायचा, हे आम्हा दोघींनाही सांगायची गरज नव्हती.

मुंगीचा ताप दोन दिवसांत उतरला. माझा उतरला नाही. मी ठरवलं, जे काय आहे ते एकदा डोळ्यांनी बघायचं. दादा असेल तर दादा. त्याला म्हणायचं, माझी पोरगी सोड.

उजाडायच्या बेताला मी पट्ट्यात जाऊन एका म्हाताऱ्या खोडाला पाठ लावून बसले. धुकं होतं. झाडं अर्धीच दिसत होती, खुंट्या मात्र सगळ्या दिसत होत्या, का कोण जाणे. बराच वेळ काही झालं नाही. मग आवाज आला. ओला, खरखरीत, थांबून थांबून येणारा. लाकडावरून कुणीतरी हात फिरवतंय असा.

पट्ट्याच्या टोकाला कुणीतरी वाकलं होतं. पाठ दिसत होती, राखी, त्याच्या कोटाच्या रंगाची. ते खुंटीवर वाकलं होतं, अगदी जवळून, चकतीवरचा आकडा वाचत असावं तसं. मी खोडाला आणखी चिकटले. तरी मी हाक मारली.

"दादा?"

त्याने डोकं वर केलं. दोन लांब कान उभे राहिले.

हरीण होतं. मी हलले नाही, तर तेही पळालं नाही. थोडा वेळ माझ्याकडे रोखून बघितलं आणि पुन्हा खाली वाकून चाटायला लागलं. वरून खाली, खालून वर, चवीचवीने, मुंगी चमचा चाटते तसं. खुंटी डुलत होती. चाटून चाटून जीभ बुडाशी आली, तिथे मी ठोकताना सांभाळून ठेवलेलं दोन पानांचं रोप होतं. ते एका घासात गेलं. हरीण पुढच्या खुंटीकडे वळलं. धुक्यातून आणखी दोन आली. ती इकडेतिकडे हुंगत नव्हती, कुठे जायचं ते त्यांना ठाऊक होतं. ती खुंटीवरून खुंटीवर, आमच्या आखलेल्या ओळीतून जात होती, मी मोजायला जाते तशीच.

ती गेल्यावर मी गुडघ्यांवर रांगत खुंटीपाशी गेले. मग मी जे केलं ते कुणी पाहिलं असतं तर मला पट्ट्यातून थेट दवाखान्यात नेलं असतं. मी खुंटी चाटली.

खारट. मिठागरात जीभ लावावी इतकी खारट.

मी तिथेच बसून राहिले. मला हसू येत होतं आणि रडूही, दोन्ही एकमेकांच्या पायात पाय घालत होती. इतकी वर्षं मी त्या टिपाला वळसा घालून घराबाहेर पडत होते. दादा पडत होता. रोपं हरणं खातात हे दादाला कळत होतं, साहेबांना कळत होतं, सगळ्यांना कळत होतं. नेमकी हीच का, हे कुणाला कळत नव्हतं. हरणं आली होती खुंटीच्या चवीला, रोप फक्त वाटेत होतं.

मग मला त्या छातीइतक्या झाडाची आठवण झाली, वाळवीच्या आधीचे जुने पट्टे तिकडेच कुठेतरी होते. मी धावतच गेले. खुंटी नव्हती, पण मी बुडाशी हाताने माती उकरली. पालापाचोळा, लाकडाचा भुसभुशीत भुगा, आणि त्याखाली गंजलेली गोल चकती. खिळ्याने ठिपके पाडून कोरलेला आकडा. त्यात एक नऊ होता. दादाचा नऊ पोट सुटलेला असायचा, आम्ही त्यावरून त्याला लहानपणापासून छळायचो. हा त्याचाच नऊ.

म्हणजे हे रोप त्याने मोजलं होतं. मिठाच्या आधीच्या वर्षांत, जुन्या पट्ट्यात. खुंटी वाळवीने खाल्ली, साहेबांनी त्याला झापलं, आणि झाड वाढत राहिलं. त्याने बोट ठेवलेलं एक झाड जगलं होतं आणि एवढं मोठं झालं होतं. "एक सांग," तो म्हणाला होता. एक होतं. मी त्या झाडाला मिठी मारून मोठ्याने रडले. फार उशीर झाला रे, म्हटलं.

साहेबांना मी त्याच दिवशी रानात आणलं. त्यांनी आधी कपाळाला आठ्या घातल्या, मग एक खुंटी बोटाने पुसून बोट जिभेला लावलं, मग दुसरी खुंटीही तशीच चाखून पाहिली. पट्ट्याबाहेरची झाडं बघितली, चकती बघितली. "सगळ्या खुंट्या काढा," ते म्हणाले. "नुसत्या दोऱ्या ठेवा. पुढच्या मोसमापर्यंत कुणी एक फांदी तोडणार नाही." जाताना म्हणाले, "तुमच्या भावाला मी नको तेवढं बोललो." मी म्हटलं, "हो, बोललात." ते मान खाली घालून गेले.

रान तूर्त वाचलं. घरची गोष्ट राहिली. आईला हे कळू द्यायचं नाही, असं मी वाटेतच ठरवलं होतं. ज्या मिठाने मुलाची मोजणी वाचवायची, त्याच मिठाने मुलगा खाल्ला, हे कुठल्या आईला सांगायचं? मी तिला म्हटलं, "उद्यापासून खुंट्या नकोत. कार्यालय लोखंडी देणार आहे."

ती टिपाशी बसून खुंट्या उलटत होती. "लोखंड गंजतं," ती म्हणाली. "माझ्यात काय खोट निघाली?"

"खोट काही नाही गं. नियम आहे."

तिने पुन्हा पाण्यात हात घातला. मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "एक विचारू? खरं सांगशील?"

"काय?"

"त्याच्या हातात खरंच तसं काही होतं का गं? तू शिकलेली आहेस, रानातली आहेस, तुला माहीत असेल. माझ्याच पोटचा तो. मी सारखी विचार करते, आपण असं काय जन्माला घातलं की ज्याला स्वतःच्या भाचीला कडेवर घेता येऊ नये. आणि परवा तूही हात मागे घेतलास." तिचा आवाज चिरकला. "म्हणजे ते माझ्याकडूनच आलंय ना तुम्हा दोघांना?"

मग मात्र मला राहवलं नाही. मी तिच्याशेजारी ओल्या जमिनीवर बसले आणि सगळं सांगितलं. हरणं, खुंट्या, मीठ. शब्द निवडून निवडून सांगितलं, तरी शेवटी मीठ म्हणायचंच होतं, ते म्हटलं.

मग तिने टिपातलं बोट काढलं आणि जिभेला लावलं, जन्मात पहिल्यांदाच चव घेत असल्यासारखं. मी तिचा हात धरला. मला वाटलं, आता ही कोसळणार.

"म्हणजे मी होते," ती म्हणाली.

"आई, तुला काय ठाऊक होतं? कुणालाच—"

"थांब. मी होते, म्हणजे तो नव्हता ना?"

"नव्हता."

"नक्की?"

मी खिशातून चकती काढून तिच्या तळहातावर ठेवली. झाड किती मोठं आहे ते हाताने माझ्या छातीशी दाखवलं. तिने चकती डोळ्यांजवळ नेली, गंज अंगठ्याने पुसला. नऊ सापडला तशी ती हसली. रडतच हसली.

"मी होते तर होते," ती म्हणाली. "मला चालतं. माझं पोर चांगलं होतं."

दुसऱ्या दिवशी तिने टीप उपडं करायला घेतलं. मी तिला थांबवलं. ते खारं पाणी मागच्या दाराशी गेलं असतं तर तिथलंही काही उगवलं नसतं. फीतकाका गाडी घेऊन आले आणि पाणी दूर नेऊन टाकलं. मग आम्ही चौघं रानात गेलो. आईने खुंट्या स्वतःच्या हाताने उपटल्या, एकेक हलवून, सैल करून. प्रत्येक चकती ती वाचत होती आणि पिशवीत टाकत होती. काका म्हणाले, वहिनी, मी काढतो, तर त्यांना हात लावू दिला नाही. खुंट्यांच्या जागी मातीत लहान भोकं राहिली. मुंगी वाकून वाकून त्यांत बघत होती.

शेवटी मी त्यांना दोरीपलीकडे त्या झाडाशी नेलं. आई त्याच्यासमोर कितीतरी वेळ उभी राहिली, घरी खूप दिवसांनी कुणी आल्यावर उभं राहतात तशी. मग पाठीवरून हात फिरवावा तसा खोडावरून फिरवला.

"हे मामाने लावलंय?" मुंगीने विचारलं.

"नाही," आई म्हणाली. "हे आपलं आपण आलंय. मामाने फक्त बोट ठेवलं होतं."

मुंगीने माझ्याकडे बघितलं. खोड तिच्या मनगटाएवढं होतं. "मी पण ठेवू?"

माझा हात खिशात होता. मी तो बाहेर काढला.

"ठेव," मी म्हटलं.

तिने बोट ठेवलं. मी तिच्या डोक्यावर हात ठेवला, आणि घरी पोचेपर्यंत काढला नाही.